खालून बघायच्या वेली

पूर्णगड
६ मार्च २०२४

ती. सगुणावन्सं यांना श्रद्धाचा नमस्कार.

परवा फोन केला होता. तुम्ही "कोण? कोण?" करत राहिलात, मी "मी, मी" करत राहिले आणि शेवटी तुम्ही "इथे कुणी मीनाक्षी नाही" म्हणून फोन ठेवून दिलात. तुमच्या कानांशी आणि मोबाईलच्या बारीक अक्षरांशी भांडण्यापेक्षा पत्र बरं. देवरूखच्या गाडीला दादू कंडक्टर आहे तोवर पोस्टाचीही वाट बघायला नको.

काम झाडांचं आहे, म्हणून तुमच्याकडे आले. मला समुद्राकडच्या पडवीत टांगत्या कुंड्या लावायच्या आहेत. वाशांना हुक मारून घेतलेत. आता वेली कुठल्या लावू ते सांगा. वर चढणाऱ्या नकोत, कुंडीतून खाली लोंबणाऱ्या हव्यात. दर वर्षी मरणाऱ्या नकोत, एकदा लावल्या की वर्षानुवर्षं राहणाऱ्या हव्यात. दुपारी तीननंतर पडवीत ऊन येतं आणि वारा तर तुमच्या माहेरचाच आहे, तुम्हाला काय सांगायचं. आणखी एक अट आहे. वेल खालून बघितली तरी चांगली दिसली पाहिजे.

ह्यांची तब्येत ठीक. जहाजावर पाय घसरून पाठीला मुका मार बसला तो भरून येतोय. पट्टा आहे अजून, डॉक्टर विश्रांती घ्या म्हणतात. तुमच्या सासूबाईंना एकट्या ठेवून तुम्ही धावत येऊ नका, असं ह्यांनीच लिहायला सांगितलंय.

उत्तर लवकर धाडा. वेलींची मला घाई आहे.

तुमची
श्रद्धा


देवरूख
११ मार्च २०२४

चि. श्रद्धा, सुखी राहा.

मीनाक्षी म्हणून माझी नणंद होती, ती वारली, म्हणून ठेवला फोन. दचकले मी.

तुझ्या अटी वाचून हसायला आलं. वेल खालून बघायला तू काय खाट टाकून झोपणार आहेस पडवीत? माणसं वेल समोरून बघतात गो. पण विचारलंयस तर सांगते.

पिशवीत चार तऱ्हा पाठवल्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून. एक मनीप्लांट, ती तुला ठाऊक आहे. दुसरी स्पायडर प्लांट. तिला लांब देठांवर पिलं येतात आणि ती कुंडीभोवती लोंबत राहतात. तिसरी अगदी बारीक पानांची, नर्सरीवाले तिला टर्टल वाईन म्हणतात. महिन्याभरात कुंडी झाकून टाकते. चौथी चंदेरी पट्ट्यांची. तिचं नाव मला माहीत नाही, आमच्या मागच्या कुंपणाला आपोआप आली आणि तिथेच राहिली.

टांगत्या कुंडीत नुसती तांबडी माती घालू नकोस, जड होते आणि सुकली की वीट होते. निम्मी माती, बाकी शेणखत आणि काथ्याचा भुसा. वारा चारी बाजूंनी लागतो म्हणून पाणी दोन वेळा. आणि भोकं मोठी ठेव, पाणी साठलं तर मुळं कुजतील.

हर्षदला म्हणावं, आडवा पडून आहेस तर दोन ओळी खरड बहिणीला. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. पाटीवर धुळाक्षरं माझ्या हाताखाली गिरवलीत त्याने. आता एवढा मोठा खलाशी झाला तरी ताईला लिहायचा आळस.

सगुणाताई


पूर्णगड
२२ एप्रिल २०२४

ती. वन्सं,

तुमच्या चारही वेली लावल्या. खरं ते सांगते, रागावू नका.

टर्टल वाईन गेली. पहिल्या आठवड्यात अशी फुलली की शेजारच्या सदूभाऊजींची बायको बघायला आली. मग दोन दिवस खारा वारा सुटला आणि सगळी पानं कडेने जळाली. देवरूखचं पाणी गोडं, वारा गोडा, तिथे ती राजी. इथे तिचा निभाव नाही लागायचा. मनीप्लांट जगली आहे, पण तिची पानं उजेडाकडे तोंड करून बसतात. खालून बघितलं तर नुसती देठं आणि कुंडीचं बूड. स्पायडरचंही तेच, पिलं यायला अजून वेळ आहे.

पण ती चंदेरी पट्ट्यांची! वन्सं, तुम्ही ती कधी खालून बघितलीत का? वरून चंदेरी-हिरवी आहे, पण पानाची पाठ पुरी जांभळी, पिकलेल्या जांभळासारखी. पडवीत मागच्या अंगाला, ऊन थेट लागत नाही तिथे टांगली आहे आणि वारा तिला फारसं काही करत नाही. मला तीच हवी. असेल तेवढी पाठवा. आणि बाहेरच्या रांगेला खारं सोसणारी, ऊन सोसणारी दुसरी काहीतरी शोधा. मी शोध सोडणार नाही आणि तुम्हालाही सोडू देणार नाही.

ह्यांना लिहायचा कंटाळा, तुम्ही ओळखताच. बरे आहेत.

श्रद्धा


देवरूख
१४ मे २०२४

श्रद्धा,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही आज, म्हणून लिहीत नाही.

आमच्या वाडीतला केरू तुमच्याकडे घर शाकारायला आला होता. काल तो परत आला. मी विचारलं, माझा भाऊ कसा आहे? तर म्हणतो, "वयनी शिडीवर चढलेली, रंगीत दोऱ्या बांधीत होती. दहा-बारा कुंड्या लावल्यान. हर्षददादा खाली खाटेवर. मी दोनदा हाक मारली, त्यांनी डोळेसुदीक उघडले नाय. गालावर माशी बसलेली, ती पन हाकलली नाय."

माशी हाकलली नाही! मुका मार लागलेला माणूस माशी हाकलत नाही?

माझा भाऊ असा पडलाय आणि तुला घर सजवायचं सुचतं? पानाची पाठ जांभळी म्हणे. मी मूर्ख, गोणीभर वेली पाठवत बसले. तू मला "बरे आहेत, बरे आहेत" लिहिलंस आणि मी ते घोट घोट पीत राहिले. लोक विचारतात, काय झालंय त्याला? मी काय सांगू?

त्याला काय झालंय ते लिही. आणि ह्या वेळेस खरं लिही. नाहीतर सासूबाईंना शेजारी सोपवून मी पहिल्या गाडीने येते, मग मला कुणी अडवू नये.

सगुणा


पूर्णगड
१७ मे २०२४

ती. वन्सं,

खरं लिहिते. हे झोपले आहेत. खोटं लिहायलाही ह्यांनीच लावलं होतं. आता ह्यांना न सांगता लिहिते आहे.

पाय घसरला हे खरं. पण मुका मार नव्हता. जहाजाच्या पोटात उतरायच्या शिडीवरून खाली पडले, मानेवर. जानेवारीत मुंबईला आणलं तेव्हा मानेचं मोठं ऑपरेशन झालं. पायांत हळूहळू जीव येतोय, दोघांनी धरलं तर उभे राहतात. हात मात्र नाहीत. बोटं चादरीवर हलतात. हात छातीपर्यंत कसाबसा येतो आणि तिथून खाली पडतो. डॉक्टर म्हणाले, हात परत येऊ शकतील, पण रोज वर न्यायला हवेत, दुखलं तरी. नाहीतर खांदे जखडतील, मग पुढे कुणाला काही करता येणार नाही. दिवाळीपर्यंत काय ते कळेल म्हणाले.

रत्नागिरीहून अक्षया म्हणून फिजिओवाली मुलगी येते. ती हात उचलते तोवर उचलतात. ती गेली की हे डोळे मिटतात. मी म्हटलं, हात वर करा ना. तर म्हणाले, "कशाला? वर काय हाय?"

वन्सं, त्या शब्दाने मला सुचलं. पडवीत खाटेवर उताणे पडून असतात, मानेला पट्टा, वळता येत नाही. दिवसभर दिसतं काय तर वासे, रीपा आणि कौलं. जमिनीवर मी मोगऱ्याचा ताटवा लावला काय आणि नुसता चिखल ठेवला काय, ह्यांना सारखंच. फेब्रुवारीत एकदा कौलातून गवताची एक काडी खाली लोंबत होती. ती वाऱ्याने हलायची आणि ह्यांचे डोळे तिच्याबरोबर हलायचे. तेवढीच मी चार महिन्यांत पाहिलेली हालचाल, जी कुणी करायला सांगितली नव्हती.

म्हणून वेली. वर काहीतरी असलं पाहिजे. आणि ते रोज थोडं थोडं खाली यायला पाहिजे, ह्यांच्या हाताच्या दिशेने. मी घर सजवत नाहीये. तुमचा भाऊ मी असा पडू देणार नाही.

केरू आला तेव्हा मी शिडीवर हसत होते तेही खरं. कुणी आलं की मी हसते.

तुम्हाला का लपवलं ते ह्यांच्याच शब्दांत: "ताईन हाताला धरून चालवलंय मला. तिच्यासमोर मी असा नको." तुम्ही आत्ता आलात तर हे माझ्याशीही बोलायचे बंद होतील अशी भीती वाटते. बाकी तुम्ही ठरवा. मी अडवणार नाही.

श्रद्धा


देवरूख
२० मे २०२४

माझी श्रद्धा,

पत्र वाचून गोठ्यात जाऊन बसले. सासूबाईंसमोर रडता येत नाही, त्या घाबरतात. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते तू फाडून टाक. मला लाज वाटते.

यायचं ठरवून पिशवीत कपडेही भरले होते. मग कपडे काढले आणि वेली भरल्या. त्याला मी नको आहे तर मी येणार नाही. दगड ठेवते छातीवर. पण तू आता एकटी नाहीस, ऐक.

मी कुंपणापाशी जमिनीवर उताणी झोपून बघितलं. ह्या वयात! शेजारच्या पोरींनी फोटो काढले. तुझं खरं आहे, बहुतेक वेली खालून भिकार दिसतात. चंदेरी पट्टेवालीच सर्वांत सुंदर. ती सगळी कापून पाठवली आहे, कुंपण बोडकं झालं, होऊ दे. एका कुंडीत सात-आठ तुकडे दाट लाव, एकट्या तुकड्याची वेल शेपटासारखी दिसते. लावल्यावर शेंडे खुड म्हणजे फुटवे येतील. पण खाटेच्या वर टांगलेल्या कुंडीचे खुडू नकोस, तिला लांब जाऊ दे.

बाहेरच्या रांगेला रसेलिया लाव. इथल्या नर्सरीत मिळाली. पानं जवळपास नाहीतच, हिरव्या काड्या कारंज्यासारख्या खाली येतात आणि टोकाला लाल बारीक नळ्यांची फुलं. काड्यांना वारा काय जाळणार? नर्सरीवाला म्हणाला, बंदरावरच्या बंगल्यांना हीच देतो. फुलं खाली तोंड करून असतात, म्हणजे त्याच्याकडेच बघतील. त्या फुलांना ते वाकड्या चोचीचे इवलाले पक्षी येतात मध प्यायला, तेही बघेल.

त्याला सांगू नकोस मला कळलंय ते.

ताई


पूर्णगड
३० जून २०२४

ती. वन्सं,

वाईट बातमी आधी. मग दुसरी.

पाऊस लागला तशी झड आत येऊ नये म्हणून सदूभाऊजींनी पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधले. आत काळोख झाला. मला वाटलं, रसेलिया उजेडावाचून मरेल. म्हणून ती झापांच्या बाहेर, कौलांच्या कडेला टांगली. जन्म ह्या गावात काढला आणि पागोळी विसरले! रात्रभर कौलांवरचं सगळं पाणी त्या कुंड्यांत धो धो पडलं. सकाळी कुंड्यांत माती नव्हती, नुसती मुळं. तुम्ही हसाल. मी हसले नाही, मी त्या चिखलात उभी राहून रडले.

उरलेल्या घाईघाईने आत आणल्या. ओल्या नायलॉनच्या दोरीने वाशाला बांधल्या आणि चुलीकडे वळले तोच एक धाडकन खाली. खाटेपासून हातभर अंतरावर. मी किंचाळले. आणि वन्सं, हे ओरडले! पाच महिन्यांनी आवाज चढला.

"ही कसली गाठ गो? शेळी तरी राहील काय ह्या गाठीला? ओला नायलॉन सरकतो, तेला दोन वेढे मारायचे आधी! येवढी वर्सं खलाशाचा संसार केलंस आनि गाठ येत नाय?"

मी म्हटलं, नाही येत. सांगा.

तर सांगितलं. दोन वेढे वाशाभोवती, मग दोरीचं टोक उभ्या दोरीवरून घेऊन एक फास, मग तसाच दुसरा, आणि ओढ. मी तीनदा चुकले. मुद्दाम नाही, खरंच चुकले. तिसऱ्यांदा ह्यांचा उजवा हात चादरीवरून उठला, दाखवायला. छातीपर्यंत आला. पडला. ह्यांनी बघितलं की मी बघितलंय, आणि डोळे मिटून घेतले. पण गाठ पुरी होईपर्यंत बोलत राहिले.

मी वेलींवर एवढा जीव टाकला आणि हे उठले ते माझ्या वाईट गाठीमुळे. काय म्हणावं ह्या माणसाला!

श्रद्धा


देवरूख
५ जुलै २०२४

श्रद्धा गो,

उद्यापासून रोज एक गाठ चुकीची बांध. मी सांगते म्हणून बांध. जेवढी वाईट येईल तेवढी वाईट बांध.

रसेलियाच्या मुळांना परत माती घाल, जगेल ती. झापाला वरच्या बाजूने हातभर फट ठेव, उजेडाला तेवढी पुरते. पागोळीचं गावात कुणाला सांगू नकोस, हसतील मेले.

ताई


पूर्णगड
२६ ऑगस्ट २०२४

ती. वन्सं,

पकडले गेले. पाच-सहा गाठी मी मस्त चुकवल्या. सातवीला हे म्हणाले, "येवढी वाईट गाठ मानूस चुकून बांधीत नाय. ताईन सांगितलान ना?"

मी गाठ सोडवायला लागले. हे वर वेलींकडे बघू लागले. मग म्हणाले, "तिला कधी कळलं?" मी सांगितलं, मे महिन्यात. म्हणाले, "आनि आली नाय?" मी म्हटलं, तुम्ही नको म्हणालात म्हणून आली नाही, कपडे भरलेली पिशवी रिकामी करून त्यात तुमच्यासाठी ह्या वेली भरल्या तिने. मग रडले. मला पुसू दिलं.

तेव्हापासून बोलतात. सदूभाऊजींना बोलावून वाशाला कप्प्या बसवून घेतल्या, पडल्या पडल्या हुकूम सोडून. म्हणे, "शिडीवर चढून पानी घालतंय, येक दिवस आपटेल. घरात येक आपटलेला पुरे." आता दोरी सैल केली की कुंडी खाली येते, ओढली की वर जाते. अक्षया म्हणते, दोरी त्यांच्याच हातात द्या. बोटांत अडकवून देतो, थोडी ओढतात. कोपर वाकतं. खांदा मात्र वर जात नाही. ती दाबते तेव्हा दातओठ खातात आणि नंतर तासभर बोलत नाहीत.

खाटेवरच्या कुंडीतली वेल आता खूप खाली आली आहे. सगळ्यांत लांब फांदी ह्यांच्या छातीवर हलते. हात उचलला तर जिथे थकून पडतो, त्याच्या वर वीतभर.

परवा ह्यांनी तिच्याकडे बघून हात उचलला. पोचला नाही. पुन्हा उचलला. मग म्हणाले, "कुंडी वाईच खाली सोड." मी दोरीला हात घातला आणि अक्षयाने माझ्याकडे बघितलं. मी हात काढून घेतला. म्हटलं, नाही सोडणार.

त्या दिवसापासून अबोला आहे. भात भरवते तेव्हा तोंड उघडतात, एवढंच.

श्रद्धा


देवरूख
१ सप्टेंबर २०२४

चि. श्रद्धा, आशीर्वाद.

माझ्या बाळाला रडवू नकोस गो. वीतभर तर खाली सोडायची. त्याने एवढं मागितलं, काही महिन्यांत पहिल्यांदा काही मागितलं. पान हाताला लागलं तर त्यालाही बरं वाटेल, उमेद येईल. तू थोडी कठोर होते आहेस असं मला वाटतं. मी त्याला लहानपणी कधी रडू दिलं नाही.

सोड ती दोरी. माझं ऐक.

ताई


पूर्णगड
४ सप्टेंबर २०२४

ती. वन्सं,

आजवर तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाही. हा पडू देते आहे.

दोरी सोडणार नाही. आज वीतभर सोडली की उद्या हात तेवढाच वर जाईल, परवा त्याहून कमी. मग मी वेल उशीपर्यंत आणून ठेवायची का? ती वाढते आहे तेवढी वाढेल, पण मी एक बोटभरही खाली आणणार नाही. उलट खाली आली की शेंडा कापीन. बाकीचं अंतर ह्यांनी यायचं.

तुम्हाला ते बाळ आहेत. मला हे माझ्याबरोबर म्हातारे व्हायला हवे आहेत. पूर्णगडच्या धक्क्यावर उभे राहून लोकांना शिव्या द्यायला हवे आहेत. त्यासाठी हे माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत तरी चालेल. मला वाईट वाटतं, रोज रात्री वाटतं, पण चालेल.

तुम्ही रागावाल. रागवा.

श्रद्धा


पूर्णगड
२१ ऑक्टोबर २०२४

ती. वन्सं,

तुमचं उत्तर आलं नाही. रागावलात. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला आधी सांगायचं नाही असं ठरवलंय.

काल दुपारी झाप काढले. चार महिन्यांनी समुद्र दिसला, ऊन आत आलं. रसेलिया लाल झाली आहे. तो वाकड्या चोचीचा पक्षी आला, फुलाला उलटा लटकून मध प्यायला आणि मग मधल्या वेलीवर येऊन बसला. खाटेवरच्या. ह्यांच्या अगदी तोंडासमोर. वेल हलली.

मी दारात झाप गुंडाळत होते. ह्यांनी मला पाहिलं नव्हतं. पक्षी उडाला आणि हे त्या फांदीकडे बघत राहिले. मग उजवा हात उठला. छातीपर्यंत आला. नेहमी तिथे थांबतो, थरथरतो आणि पडतो. थांबला. थरथरला. मी मनात म्हटलं, पडणार. पडला नाही. ह्यांच्या तोंडातून असा आवाज निघाला, जाळं ओढताना निघतो तसा, आणि हात वर गेला. हनुवटीच्या वर. डोळ्यांच्या वर. बोटं पानांना लागली आणि ती एकदम मिटली. अजून ह्यांना बोटं हळू मिटता येत नाहीत. फांदी मुठीत आली, हात खाली पडला आणि त्याच्याबरोबर अख्खी वेल खाली आली. सगळीच. मुळासकट. माती ह्यांच्या तोंडावर, उशीवर, डोळ्यांत.

वन्सं, सात महिने वाढवलेली वेल. तुमच्या कुंपणावरची, मी जिच्यावर मुंगी बसू दिली नाही ती. तिचे तुकडे सगळ्या खाटेभर पडले होते आणि हे मातीने माखलेलं तोंड घेऊन माझ्याकडे बघत होते, खोडी करताना सापडलेल्या पोराने बघावं तसे.

"मोडली गो," म्हणाले. "तुझी वेल मोडलंय मी."

मी धावत गेले. ह्यांच्या डोळ्यांतली माती काढली, माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना, आणि मी म्हटलं, मोडलीत! मोडलीत हो! सदूभाऊजी धावत आले, त्यांना वाटलं काय झालं. मी म्हटलं, ह्यांनी वेल मोडली! ते बघतच राहिले.

अक्षया आज आली होती. हात मोजला तिने. म्हणाली, ह्याच्या पुढे मी सांगायची गरज नाही, खांदा जखडणार नाही आता.

कुंडी रिकामी आहे. मला वेल हवी. आहे का शिल्लक?

हे म्हणतात, ताईला लिही, ये म्हणावं.

श्रद्धा


देवरूख
२४ ऑक्टोबर २०२४

माझी श्रद्धा,

रागावले नव्हते. लाजले होते, आणि लाजलेल्या माणसाला लिहायला सुचत नाही. त्या दिवशी तू माझं ऐकलं असतंस तर काय झालं असतं, ह्या विचाराने मला झोप लागत नव्हती. माझ्या लाडाने तो उशीवरच राहिला असता.

सासूबाईंना पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मोडली तर मोडली, पोरगो उठलो ना?"

मी सोमवारी येते. सासूबाईंजवळ शेजारीण राहणार आहे.

वेलीचं विचारतेस? कुंपण पुन्हा भरलंय, कापून कापून थकशील एवढं. तू फक्त एक कर, तो मोडतो म्हणून कुंडी बाजूला घेऊ नकोस. मोडू दे त्याला. रोज एक मोडू दे.

ताई